गाडी भरेपर्यंत

मिन्देलोच्या बाजाराबाहेर
माझी पांढरी व्हॅन उभी असते.
चौदा जागा. काल्यावपर्यंत अठरा किलोमीटर.
भरल्याशिवाय निघायचं नाही हा इथला कायदा,
कुणी लिहिलेला नाही, तरी सगळे पाळतात.
मी दार उघडं टाकून ओरडतो, काल्याव, काल्याव,
आणि डोकी मोजतो.

गाण्याचंही मी तसंच केलं.
अकरा वर्षांपूर्वी एक मोर्ना जुळली होती,
भाऊ बोटीवर चढला त्या रात्री.
लोक ती अजून लग्नांत म्हणतात, माझं नाव गाळून.
ओळखीचे भेटले की विचारतात,
"अर्लिन्दो, पुढचं कधी?"
"भरत आलंय," मी सांगायचो.
आत एक सीट भरलेली नसायची.
गिटार कपाटावर पालथी,
तिच्या पोटात झुरळांनी संसार मांडलेला.

कारणं मी खिशात बाळगायचो, सुट्या पैशांसारखी,
कुणी मागितली की लगेच देता यावीत:
वारा फार आहे.
डिझेल महागलंय.
मुलीला दात येतायत, रात्रभर रडते.
(मुलगी सहावीत गेली. कारण बदलायचं राहून गेलं.)

मग फेब्रुवारीतला तो मंगळवार.
हवेत वाळवंटाची धूळ, समोरचा डोंगर गायब.
नऊ वाजून गेले तरी गाडीत एकटी न्हा फेलिस्मीना,
मांडीवर बादली,
बादलीत फडक्याखाली कोंबडीची पिल्लं.
"निघ," म्हणाली.
मी म्हटलं, मावशी, तेरा जागा रिकाम्या आहेत.
"दिसतात मला. डोळे आहेत.
पण पुढे रस्त्यात उभी असलेली माणसं
तू इथं उभा राहिलास तर चढतील कशी?"

निघालो. तिच्यावर चिडून,
डिझेलचा हिशेब दातांत धरून.
पहिल्या वळणावर कुणी नाही.
दुसऱ्यावर एक कुत्रा. त्यानं मान वर केली नाही.
मग झाऊच्या झुडपांपाशी
शाळेला उशीर झालेली दोन पोरं,
पवनचक्कीखाली सिमेंटनं पांढरा झालेला गवंडी,
मग कोण कोण.
काल्याव आलं तेव्हा नऊ जण होते.
चौदा नव्हे. नऊ.
पैसे कमी पडले. पिल्लं मात्र पोचली.

तेव्हापासून पहाटे पाचला
इंजिन बंद, आतला दिवा चालू,
स्टिअरिंगवर डिझेलच्या नोंदीची वही.
चार ओळी. चांगल्या असायलाच हव्यात असं नाही,
चार असायला हव्यात.
पहिल्या दिवशी टायरवर लिहिलं.
तिसऱ्या दिवशी पुन्हा टायरवर, कारण तो फुटला.
एका आठवड्यात 'समुद्र' सहा वेळा आला,
तेव्हा मी समुद्राला बंदी घातली.
काच खाली केली की तो तरीही येतो.

बायको म्हणते, कोरडी विहीर
रोज काय उपसत बसायची?
मी म्हणतो, पाणी येईल तेव्हा
निदान तळाशी गाळ नको.
असं म्हणतो खरा.
मनात वाटतं, तिचंच बरोबर असेल.

सत्तेचाळीस दिवस झाले. मधले दोन चुकले,
एक तापात, एक नुसत्या आळसात.
ती दोन पानं कोरीच ठेवलीत.
दुसऱ्या दिवशी आठ लिहून
भरपाई करायला मी काही बँक नाही.
गिटार आता पुढच्या सीटवर बसते.
तिचं भाडं घेत नाही.

आजच्या ओळी:
एकटीच म्हातारी गाडीत बसली,
तेवढ्यानं रस्ता हलला.
तिसरी लंगडते, ती दाखवत नाही.
चौथी नाहीच.
चार झाल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही,
हा नियम माझाच. कुणी लिहिलेला नाही.

पावणेसहा. गाडीत कुणी नाही.
किल्ली फिरवतो.
चौथी वाटेत असेल,
बहुतेक झाऊच्या झुडपांपाशी,
शाळेला उशीर झालेली.